मुलांना उंच इमारती शिकवताना आकड्यापासून नव्हे, ओझ्यापासून सुरुवात करावी

नागपुरातील आपल्या दुसरीच्या मुलांनी दुबईच्या बुर्ज खलिफा या इमारतीचे चित्र रंगवले, तिच्या उंचीचा 828 मीटर हा आकडाही पाठ केला. आता पुढे काय शिकवावे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की उंचीचा आकडा काही दिवस बाजूला ठेवावा आणि ‘एवढे ओझे जाते कुठे?’ हा एकच प्रश्न मुलांच्या हाती द्यावा.

नागपुरात त्याचे उत्तर पायाखालीच सापडते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या भेगेत काडी घालून तिची खोली मुलांना स्वतः मोजू द्यावी आणि मग सांगावे, की अशा मातीवर घर उभे केले तर भिंतींनाही तडे जातात, म्हणून मिस्त्री मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदायला लावतो. जवळपास कॉलमचे खड्डे खणलेले असतील, तर परवानगी घेऊन ते कुंपणाबाहेरून अवश्य दाखवावेत, कारण पाया एकदा बुजला की पुन्हा दिसत नाही.

मग भिंतींकडे यावे. शिकागोतील मोनॅडनॉक या 1891 च्या सोळा मजली इमारतीच्या विटांच्या भिंती तळाशी सुमारे 6 फूट जाड आहेत. वर्गात खडूने तेवढी रेघ ओढली, की भिंतींनीच किती जागा खाल्ली आणि पुढे सगळा भार पोलादी सांगाड्यावर का नेला, हे फार समजावावे लागत नाही.

सर्वाधिक वेळ मात्र वाऱ्याला द्यावा, कारण फार उंच इमारतीची खरी परीक्षा तोच घेतो. कागदाची एक उभी नळी टेबलावर ठेवून वहीने वारा घालावा. ती लगेच पडते. तशाच नऊ नळ्या तीन-तीनच्या रांगांत रबराने आवळून पुन्हा वारा घालावा आणि दोन्हींतला फरक मुलांनाच सांगू द्यावा. ढाक्यात वाढलेले अभियंते फझलुर रहमान खान यांनी शिकागोचा 442 मीटर उंच सीअर्स टॉवर, म्हणजे आजचा विलिस टॉवर, अशाच नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून उभा केला. त्यांतल्या दोनच अगदी वरपर्यंत जातात, बाकीच्या खालीच थांबतात. छायाचित्रात हे मुलांना शोधू द्यावे.

वास्तुकला म्हणजे केवळ उंची, असा समज होऊ नये, म्हणून एक फेरी दीक्षाभूमीलाही न्यावी. सांचीचा स्तूप भरीव आहे, इथला आतून पोकळ. मग घुमट तोलतो कोण? दोन मुलांनी समोरासमोर तळवे टेकवून पाय हळूहळू मागे न्यावेत. पाय घसरू लागले, की घुमटाचा तळ बाहेर सरकू नये म्हणून त्याला आवळून धरावे लागते, हे त्यांना अंगानेच कळते. हा प्रयोग सतरंजीवर, मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा.

पाच वर्षांखालील भावंडे सोबत असतील, तर त्यांना यातले काही सांगू नये. ठोकळे रचणे आणि पाडणे त्यांना पुरेसे आहे.