मागच्या डिस्क ब्रेकमधली हवा काढताना

भाऊ, बाइकच्या मागच्या ब्रेकचं पेडल स्पंजसारखं दबतंय म्हणालास, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा आहे. पॅड बदलून ते जाणार नाही.

आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण पुसून घे, आपल्याकडची काळी धूळ आत पडली की सील खराब होते. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपलला, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला, ८ मिमीचा रिंग पाना (बहुतेक गाड्यांना हाच लागतो) आणि पारदर्शक नळी लाव, नळीचं टोक थोड्या ब्रेक ऑइलात बुडव. पेडल तीन-चारदा मार, दाबून धर, निपल पाव फेरा सैल कर, परत कस आणि मगच पाय उचल. क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकीतलं ऑइल 'मिन'च्या (किमान पातळीच्या) खुणेखाली जाऊ देऊ नको. निपल जास्त आवळलं तर तुटतं.

झाकणावर लिहिलेलंच ऑइल, बहुधा डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार), सीलबंद डब्यातलं. उघड्या डब्यातलं ऑइल हवेतली ओल धरतं. मग कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळतं, पेडल खाली बसतं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मार.

पेडलची उंची बदललीस तर पुशरॉडला (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा दांडा) किंचित ढिलाई हवीच. नसेल तर ऑइल परत फिरत नाही, डिस्क तापते, चाक जाम.