लेझरचा छंद सुरू करायचाय, बजेट दोनेक हजार. काडी पेटवणारा हिरवा पॉइंटर घेऊ का?

नका घेऊ. सुरुवातीला तर अजिबातच नको. तुम्हाला लेझरचा नाद लागलाय हे वाचून खरंच बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा प्रकाश थेट तयार होतच नाही. आत ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा) डायोड असतो, तो एका क्रिस्टलवर पडला की त्यातून १०६४ निघतं, तेही इन्फ्रारेडच, आणि मग दुसरा क्रिस्टल त्याचं निम्मं करतो, ५३२, तो आपल्याला दिसणारा हिरवा. उरलेलं इन्फ्रारेड अडवायला पुढे फिल्टर लागतो, आणि माल स्वस्तात काढायचा असला की नेमका तोच गाळतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये असाच एक पॉइंटर तपासला तर त्यातून हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त इन्फ्रारेड बाहेर पडत होतं. डोळ्यावर लख्ख उजेड पडला की आपण साधारण पाव सेकंदात पापणी मिटतो, पण इन्फ्रारेड दिसतच नाही त्यामुळे पापणीही मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग ते सगळं पडद्यावर एका टिंबात गोळा करतं, उन्हात भिंगाने कागद जाळतो ना तसंच. शिवाय ५ मिलिवॅटने काडी पेटत नाही, म्हणजे जो पेटवतो त्याच्यावर ५ मिलिवॅटचा स्टिकर असला तरी पॉवर त्याच्या कैक पट आहे. विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच, पुण्यात २०२४ ला पोलिसांनी त्यावर बंदीच घातली होती.

मग घ्यायचं काय, तर ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॅटपर्यंतचा लाल डायोड मॉड्यूल. पुण्यात तापकीर गल्ली किंवा बुधवार पेठेत विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ऑनलाइन तर आहेच, शंभरेक रुपयांचं काम. तोही डोळ्यात मारायचा नाही, पोरांच्या हातात द्यायचा नाही आणि विमानाकडे तर कधीच नाही. टेबलावर क्लॅम्पने घट्ट बसवा, बीम डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका, अंगठी-घड्याळ काढून ठेवा कारण चकचकीत वस्तूवरून बीम कुठेही उडतो.

आता खरी मजा. डोक्याचा एक केस घ्या, पुठ्ठ्याला खाच पाडून त्यावर उभा ताणून चिकटवा आणि बीम बरोब्बर केसावर पडेल असं लावा. दोन मीटरवरच्या भिंतीवर एक ठिपका दिसायच्या ऐवजी आडवी ठिपक्यांची रांग दिसेल, मध्ये मध्ये काळ्या फटी. मधला उजळ पट्टा दुप्पट रुंद असतो, तो सोडून एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या फटींमधलं अंतर पट्टीने मोजा. समजा २ सेंटीमीटर आलं, तर तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले हे २ सेंटीमीटर, म्हणजे केसाची जाडी ६५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शंभर रुपयांच्या वस्तूने आणि शाळेतल्या पट्टीने मिलिमीटरचा शंभरावा भाग घरी मोजता येतो, ही मला या छंदातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते, काड्या पेटवण्यात हे कुठून येणार! घरातल्या सगळ्यांचे केस मोजा, फरक दिसतो.

मग जुनी सीडी काढा. तिच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, बीम सरळ पाडला की पहिला ठिपका दोन्ही बाजूंना साधारण २४ अंशांवर येतो. डीव्हीडीत ०.७४ मायक्रॉन, तिथे तोच ६१ अंशांवर जातो. कोन मोजून उलटं गणित केलं की तुमचा लेझर खरंच ६५० चा आहे का ते कळतं. पाण्याची बाटली, तिला छोटं भोक आणि समोरच्या बाजूने भोकाच्या नेमात बीम, हेही अंधारात करून बघाच, प्रकाश धारेबरोबर वाकत खाली जातो. जिनिव्हात कोलादों नावाच्या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये हेच दाखवलं होतं आणि आजचा इंटरनेटचा ऑप्टिकल फायबर त्याच तत्त्वावर चालतो.

एनग्रेव्हर, म्हणजे लेझरने कोरणारं-कापणारं मशीन, नंतर, बजेट वाढलं की. त्याचा निळा डायोड साधारण ४५० नॅनोमीटरचा आणि पॉवर काही वॅट, म्हणजे सरळ क्लास ४, लेझरमधला सगळ्यात धोकादायक वर्ग, भिंतीवरून परतलेला उजेडसुद्धा धोक्याचा. त्यामुळे बंद पेटीवालाच घ्या, आणि गॉगल घ्याल तो त्याच तरंगलांबीचा आणि त्यावर ओडी छापलेला हवा (ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भागच आत येतो), नुसती रंगीत काच चालत नाही. लाकूड, पुठ्ठा, खरं चामडं यावर मस्त काम होतं. पारदर्शक ॲक्रिलिक निळ्याने कापलं जात नाही, उजेड आरपार जातो, त्याला कार्बन डायऑक्साइडवालं मशीन लागतं. रेक्झिन किंवा पीव्हीसी मात्र कुठल्याच लेझरखाली नको, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खराब होतात. आणि मशीन चालू असताना चहा घ्यायलाही उठायचं नाही, लाकूड पेट घेतं.