डाव अर्ध्यावर, नियम नवा

वाचकांचे प्रश्न : मोटार शर्यती

प्रश्न : २०२५ च्या फॉर्म्युला वन हंगामातील नववी शर्यत स्पेनमध्ये झाली आणि त्या शर्यतीपासून मोटारींच्या पुढच्या पंखाची (हवेच्या जोराने मोटार रस्त्याला दाबून धरणाऱ्या पट्टीची) वाकण्याची चाचणी अधिक कडक करण्यात आली. माझ्या वडिलांचे म्हणणे असे, की २००६ मध्ये रेनॉ संघाच्या बाबतीतही नेमके हेच झाले होते आणि पुढे निघालेल्याचे पाय ओढण्याची ही जुनीच रीत आहे. हंगाम चालू असताना नियम बदलणे न्याय्य म्हणता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वडिलांचा राग २००६ पुरता रास्त आहे, मात्र २०२५ ची गोष्ट त्याच पारड्यात टाकता येणार नाही.

मुळात या खेळाची नियामक संस्था असलेल्या एफआयएलाही चालू हंगामात तांत्रिक नियम मनाला येईल तसे बदलता येत नाहीत. त्यासाठी अनेक वर्षे सर्व संघांची एकमुखी संमती लागत असे आणि एका संघाने जरी मान हलवली नाही तरी बदल अडत असे. याला अपवाद सुरक्षिततेचा. १९९४ मध्ये इमोला येथे ३० एप्रिलला रोलँड रॅट्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना यांचा मृत्यू झाला, त्यानंतर काही आठवड्यांत मोटारींचे डिफ्यूझर, म्हणजे पोटाखालची हवा मागून बाहेर सोडणारे भाग, लहान करण्यात आले, इंजिनाकडे हवा नेणाऱ्या खोक्याला भोके पाडण्यात आली आणि जर्मनीतील शर्यतीपासून, मोटार फार खाली बसवता येऊ नये म्हणून, प्रत्येक मोटारीच्या पोटाखाली १० मिलिमीटर जाडीची फळी बसवणे सक्तीचे झाले. घाईबद्दल संघांनी कुरकुर केली, पण हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. त्याच हंगामात बेल्जियममध्ये मायकेल शुमाकर पहिला आला आणि ही फळी मर्यादेपेक्षा जास्त झिजलेली आढळल्याने त्याचा विजय काढून घेण्यात आला. निर्णय कठोर होता, पण फळीची जाडी कोणालाही मोजता येते.

खरा तंटा होतो तो नियमाचे अक्षर तेच ठेवून अर्थ बदलला जातो तेव्हा, आणि रेनॉचे प्रकरण नेमके तसे आहे. या संघाने मोटारीच्या नाकाडात स्प्रिंगांच्या मध्ये नऊ-दहा किलोंचे एक वजन बसवले होते. चाक कडेच्या उंचवट्यावर चढून मोटार उसळली, की हे वजन उलट्या लयीत हालत असे आणि उसळी तिथल्या तिथे जिरवत असे. त्यामुळे टायर रस्त्याला चिकटून राहत. तैपेई १०१ या उत्तुंग इमारतीत वाऱ्याने येणारा झोल कमी करण्यासाठी ६६० टनांचा गोळा टांगलेला आहे, त्याच तत्त्वाचा हा खिशात मावेल असा अवतार. २००५ च्या अखेरीस हे यंत्र मोटारीत आले, त्यावर कोणी हरकत घेतली नाही आणि २००६ ची मोटार तर ते गृहीत धरूनच आखली गेली. मग जुलै २००६ मध्ये एफआयएने सांगितले, की वायुगतीवर परिणाम करणारा कोणताही भाग हलता नसावा या जुन्याच नियमाचा हे वजन भंग करते. वजन होते नाकाडाच्या आत, हवेचा त्याला स्पर्शही होत नव्हता. पण ते हालल्याने मोटारीची उंची स्थिर राहते, उंची स्थिर राहिल्याने पंखाखालचा हवेचा प्रवाह सुधारतो आणि म्हणून ते वायुगतीचे साधन ठरते, अशी ही तर्काची साखळी होती. या न्यायाने मोटारीतील शॉक अ‍ॅब्सॉर्बरसुद्धा बेकायदा ठरवता येईल!

आणखी गंमत अशी, की जर्मनीत हॉकेनहाइमला शर्यतीच्या पंचांनी, म्हणजे स्ट्युअर्डांनी, हे यंत्र नियमात बसत असल्याचे सांगितले आणि एफआयएने आपणच नेमलेल्या पंचांविरुद्ध अपील केले. टांगती तलवार नको म्हणून रेनॉने त्या शर्यतीत ते वापरलेच नाही. शर्यतीपूर्वी रेनॉचा फर्नांडो अलोन्सो फेरारीच्या शुमाकरपेक्षा १७ गुणांनी पुढे होता. शर्यत शुमाकरने जिंकली, अलोन्सो पाचवा आला आणि अंतर ११ वर आले. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम केली. चीनमधील शर्यतीनंतर दोघांचेही ११६ गुण झाले होते. पुढे जपानमध्ये शुमाकरचे इंजिन निकामी झाले आणि अखेरीस अलोन्सोने १३४ विरुद्ध १२१ अशा गुणांनी विजेतेपद राखले, म्हणून हे प्रकरण फारसे चिघळले नाही इतकेच. विजेतेपद हुकले असते, तर आज त्याच्याबद्दल बरेच अधिक ऐकू आले असते.

२००३ मध्येही असेच घडले होते. हंगेरीनंतर शुमाकर ७२, हुआन पाब्लो मोन्तोया ७१ आणि किमी रायकोनेन ७० अशी अटीतटीची स्थिती असताना एफआयएने पुढच्या टायरच्या रुंदीची २७० मिलिमीटरची मर्यादा शर्यतीनंतर, म्हणजे वापरलेल्या टायरवरही तपासली जाईल असे जाहीर केले. तोवर मापे नव्या टायरची घेतली जात. तक्रार फेरारीच्या गोटातून आली होती आणि मोन्तोया आणि रायकोनेन यांच्या मोटारींना टायर पुरवणाऱ्या मिशेलिन कंपनीला तीन आठवड्यांत, इटलीतील मॉन्झाच्या शर्यतीपूर्वी, नव्या आकाराचे टायर तयार करावे लागले. शुमाकरने पुढच्या तीनपैकी दोन शर्यती जिंकून ९३ विरुद्ध ९१ अशा फरकाने रायकोनेनला मागे टाकले. टायर बदलल्यामुळेच असे झाले, हे मात्र सिद्ध करता येत नाही, कारण नव्या टायरांवरही मोन्तोया मॉन्झाला दुसरा आला होता. माझा आक्षेप निकालावर नाही. मापपट्टी तीच ठेवून माप घेण्याची वेळ मध्येच बदलली, यावर आहे.

आता स्पेनकडे येऊ. पुढच्या पंखावर १०० किलोंचा भार टाकला असता तो १५ मिलिमीटरपर्यंत वाकला तरी चालत असे. तिथून पुढे ही मर्यादा १० मिलिमीटर झाली. मात्र हे जाहीर झाले होते जानेवारीत, एकही शर्यत होण्यापूर्वी. नववी शर्यत निवडल्यामुळे संघांना जुने पंख मोडीत न काढता नवे घडवायला अवधी मिळाला. अर्थ बदलला नाही, आकडा बदलला, आणि तोही सर्वांना आधी सांगून. शिवाय ज्या मॅक्लारेनचे पाय ओढले जातील असा बोभाटा झाला होता, त्याच संघाचे ऑस्कर पियास्त्री आणि लॅन्डो नॉरिस स्पेनमध्ये पहिले आणि दुसरे आले. तेव्हा पाय ओढलेच असतील, तर ते हाती लागलेले दिसत नाहीत.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये मॉन्झाला मॅक्लारेनने पियास्त्रीला दुसरे स्थान नॉरिसला परत द्यायला लावले. रात्री जागून आम्ही शर्यत पाहायची आणि स्थाने मात्र रेडिओवरून ठरायची, यात खेळ कुठे राहिला? टीम ऑर्डरवर, म्हणजे संघाने चालकांना दिलेल्या अशा आदेशांवर, बंदी का नाही?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : बंदी होती, आठ हंगाम होती, आणि तिने काय साधले हे पाहण्यासारखे आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रियात शर्यत सुरू झाल्यापासून पुढे असलेल्या रुबेन्स बारिकेलोला फेरारीने आदेश देऊन अंतिम रेषेपाशी वेग कमी करायला लावले आणि शुमाकरला पुढे काढले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शुमाकरने बारिकेलोला विजेत्याच्या पायरीवर उभे केले. फेरारीला पुढे १० लाख डॉलरचा दंड झाला, तो आदेशासाठी नव्हे, तर बक्षीस समारंभाचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! आदेश देण्याला मज्जाव करणारा नियमच नव्हता. तो २००३ पासून आला.

त्यानंतर आदेश थांबले नाहीत, ते सांकेतिक झाले. २५ जुलै २०१० रोजी हॉकेनहाइमला आघाडीवर असलेल्या फेरारीच्या फेलिपे मासाला त्याच्या इंजिनिअरने रेडिओवर एवढेच कळवले, की फर्नांडो (तेव्हा फेरारीत असलेला अलोन्सो) तुझ्यापेक्षा वेगात आहे, निरोप समजला का ते सांग. बरोबर एक वर्षापूर्वी याच तारखेला हंगेरीत डोक्याला मार लागून मासा मरणाच्या दारातून परतला होता. काही वेळाने त्याने वेग कमी केला आणि अलोन्सो पुढे गेला. वाक्यात आदेशाचा शब्द नाही आणि ऐकणाऱ्या एकालाही शंका नाही. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र तसाच राहिला, आणि २०११ पासून बंदीच उठवली गेली. फळीची जाडी मोजता येते, पंखाचा बाक मोजता येतो. माणसाने पाय मुद्दाम उचलला की टायर संपत आले म्हणून उचलला, हे कोणत्या पट्टीने मोजणार? ज्या नियमाची अंमलबजावणी करता येत नाही, तो सरळ बोलणाऱ्यालाच शिक्षा करतो. म्हणून बंदी उठली हे मला योग्य वाटते. आज रेडिओवर जे बोलले जाते ते निदान आपल्याला घरबसल्या ऐकू तरी येते, आणि आपला राग योग्य पत्त्यावर पोहोचतो.

मॉन्झाचा आदेश मात्र मला पटलेला नाही. नॉरिस पुढे असूनही मागून येणाऱ्यांचा धोका टाळण्यासाठी पियास्त्रीला टायर बदलण्यासाठी आधी पिटमध्ये बोलावले गेले. त्याला याचा लाभ होऊ देणार नाही, असा शब्द नॉरिसला दिला होता. एवढे ठीक आहे. पण नंतर नॉरिसच्या पुढच्या डाव्या चाकाशी खटपट झाली, एरवी दोन-अडीच सेकंदांत आटोपणाऱ्या थांब्याला जवळपास सहा सेकंद लागले आणि त्याचे स्थान प्रत्यक्षात गेले ते त्यामुळे. संथ थांबा हा शर्यतीचाच भाग मानायचा असे आपले ठरले होते, असे पियास्त्रीने रेडिओवर शांतपणे सुनावले आणि मग जागा दिली. त्याचे म्हणणे बरोबर होते.

आता हिशेब पाहा. दुसऱ्याला १८ आणि तिसऱ्याला १५ गुण. हंगामाअखेर नॉरिस ४२३ गुणांसह विजेता झाला, रेड बुल संघाचा मॅक्स व्हर्स्टापेन ४२१ वर राहिला. मॉन्झाचे ते ३ गुण वजा केले, तर नॉरिस ४२० वर येतो. अर्थात तीन महिन्यांच्या पुढच्या शर्यती तशाच झाल्या असत्या असे कोणी सांगावे? तरीही घरातल्या घरात दोन भावांमध्ये केलेली वाटणी शेजाऱ्याच्या बांधापर्यंत कशी पोहोचते, हे या बेरजेतून दिसते. संघ असे निर्णय घेताना फक्त आपल्या दोन चालकांमधील न्याय पाहतो, आणि व्हर्स्टापेनचा त्या चर्चेत प्रतिनिधी नसतो.

प्रश्न : २०१३ मध्ये टायर बदलले नसते, तर फोर्स इंडिया या आपल्या भारतीय संघाने आणखी मजल मारली असती का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा मारली असती, पण त्या बदलाला अन्याय म्हणता येणार नाही. पिरेली कंपनीला टायरची बांधणी आधीच बदलायची होती. तेव्हा एकमुखी संमती मिळाली नाही, कारण जुने टायर मानवणाऱ्या लोटस, फेरारी आणि फोर्स इंडिया यांचा विरोध होता, आणि नियमाने त्यांचे ऐकले. मग ३० जूनला सिल्व्हरस्टोनमध्ये आघाडीवर धावणाऱ्या लुइस हॅमिल्टनचे मागचे डावे टायर भर वेगात फाटले, पाठोपाठ मासाचे आणि जाँ-एरिक व्हेर्नचेही फाटले आणि रबराचे तुकडे मागून येणाऱ्यांच्या अंगावर उडाले. तिथे संमतीचा प्रश्न संपला. हंगेरीपासून जुन्या, केवलर या कृत्रिम धाग्याच्या बांधणीवर आधारलेले टायर आले, त्यानंतरच्या विश्रांतीअंती रेड बुलच्या सेबास्टियन व्हेटेलने सलग ९ शर्यती जिंकल्या, आणि पूर्वार्धात मॅक्लारेनच्या पुढे असलेला फोर्स इंडिया ७७ गुणांवर सहावा राहिला.

त्या ९ पैकी एक शर्यत २७ ऑक्टोबरला ग्रेटर नोएडात झाली. फोर्स इंडियाच्या दोन्ही मोटारी तिथे आठव्या आणि नवव्या आल्या, व्हेटेलने चौथे विजेतेपद पक्के केले आणि मोटार ठरल्याप्रमाणे थेट तपासणीच्या जागी न नेता मुख्य प्रेक्षागृहासमोर गरागरा फिरवून धुराचे लोट उठवले. त्याबद्दल त्याला समज आणि त्याच्या संघाला २५,००० युरो दंड झाला.