मेल येतो, पण कॅलेंडर रिकामंच

प्रश्न : माझा फोन विंडोज मोबाइल ६.१ वाला आहे, त्यात जीमेल पॉप३ ने सेट केलंय, मेल येतात पण फोनवर वाचलेला मेल कॉम्प्युटरवर परत न वाचलेलाच दिसतो, आणि गूगल कॅलेंडर तर फोनमध्ये उतरतच नाही. काय करू?

उत्तर : पॉप३ चं काम फक्त मेल उतरवून घेणं, तुम्ही काय वाचलं ते सर्व्हरला कळवायची त्यात सोयच नाही, आणि कॅलेंडरशी तर त्याचा काहीच संबंध नाही. तुम्हाला हवंय ते गूगल सिंक, म्हणजे फोन आणि गूगल खातं एकसारखं ठेवणारी गूगलची सोय. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स फेब्रुवारी २००९ पासून आणि जीमेल त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्यातून मिळायचं. साध्या जीमेल खात्यांसाठी मात्र ते नव्याने जोडणं गूगलने जानेवारी २०१३ अखेर बंद केलं, तेव्हा खालच्या पायऱ्या ते चालू होतं त्या काळातल्या आहेत.

पण आधी फोनमधल्या नंबरांचा बॅकअप घ्या, हे अगदी कळकळीने सांगतेय, कारण सिंक चालू करताना आधीचे नंबर उडू शकतात. मग ॲक्टिव्हसिंक, म्हणजे फोनमधला सिंक करायचा प्रोग्रॅम, उघडून सर्व्हरच्या जागी एम डॉट गूगल डॉट कॉम टाका, एसएसएलवर (सुरक्षित जोडणीवर) टिक करा, युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता द्या आणि डोमेनची चौकट रिकामी सोडा, बरेच जण तिथेच काहीतरी भरतात आणि मग अडकतात. ऑफिसचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिस-मेलची सेवा) खातं आधीच फोनवर असेल तर मात्र हे जमणार नाही, अशी दोन खाती हा फोन घेत नाही.

टाइम झोनही तपासा, तो चुकला की सगळ्या मीटिंगा पुढेमागे सरकतात. बॅटरी भराभर उतरायला लागली तर पुश (मेल आला की लगेच फोनवर पाठवणं) बंद करून दर अर्ध्या तासाने सिंक ठेवा.