गॉफ महाग पडला का?

नोवाय, मिशिगन

प्रिय मुली,

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये निवडलेल्या खेळाडूंचा तुझा तक्ता पाहिला आणि त्याखालचा शेराही वाचला : ‘जॅरेड गॉफ – पहिला क्रमांक वाया.’ तक्त्यावर मेहनत घेतली आहेस, त्यात वाद नाही. शेऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं. काका डेट्रॉइट लायन्सचे चाहते, गॉफ पुढे त्यांच्याकडेच आला, ते त्याची बाजू घेणारच, असं तू म्हणशील. चाहता आहेच. तरी ऐक.

गॉफ क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा. तुझ्या तक्त्यात त्याचे यार्ड (चेंडू पुढे नेलेलं अंतर) आहेत, टचडाउन (गुण मिळवून देणारे डाव) आहेत, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पळवलेल्या फेकी) आहेत. किमतीचा रकानाच नाही. माझं सगळं आयुष्य इथल्या मोटारधंद्यात, खरेदी खात्यात गेलं. भाव न लिहिता ‘माल वाया’ असा कागद कुणी टेबलावर ठेवला असता तर मी तो परत पाठवला असता. तुझाही पाठवतो आहे.

मराठी वाचकांसाठी लिहिणार आहेस, तर आधी त्यांना हे सांग की आयपीएलच्या लिलावात बोली लागते, इथे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, पाळी लागते. मागच्या हंगामात जो संघ तळाला, तो पहिला निवडतो. अशा सात फेऱ्या. कुठल्या गावी, कुठल्या कोचच्या हाताखाली जायचं, हे त्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हातात नसतं. पाळी मात्र संघांना आपसात विकता येते, आणि किंमत उघडी पडते ती तिथेच.

एप्रिल २०१६ मध्ये, गॉफला घेणाऱ्या रॅम्सची पाळी १५वी होती. त्याच जानेवारीत ते सेंट लुईस सोडून लॉस एंजेलिसला आले होते आणि नव्या शहरात फलकावर लावायला एक चेहरा हवा होता. (हे कारण खेळाचं नाही, पण निर्णयात ते होतं, लिहायला लाजू नकोस.) टेनेसी टायटन्सकडे पहिली पाळी होती, आणि क्वार्टरबॅक आदल्या वर्षीच घेऊन झाला होता. रॅम्सनी त्यांना १५, ४३, ४५ आणि ७६ हे क्रमांक दिले, शिवाय २०१७ ची पहिली आणि तिसरी फेरी. बदल्यात पहिला क्रमांक आणि त्यासोबत चौथ्या नि सहाव्या फेरीतला एकेक मिळाला. ही झाली किंमत.

आता इथे एक मोह होतो. ४५ व्या क्रमांकावर टायटन्सनी डेरिक हेन्रीला घेतलं आणि २०२० साली तो २,०२७ यार्ड धावला. मग लोक लिहितात की गॉफपायी रॅम्सनी हेन्री गमावला. असं लिहू नकोस. रॅम्सकडे तेव्हा टॉड गर्ली होता, आदल्याच वर्षी दहाव्या क्रमांकावर घेतलेला आणि त्या हंगामातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरलेला. दुसऱ्या फेरीत ते आणखी एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेणार नव्हते. त्यांच्या खात्यात त्या दिवशीचे क्रमांक टाक. त्या क्रमांकांचं टायटन्सनी पुढे जे सोनं केलं, ते टायटन्सच्या खात्यात. दोन्ही बाजूंना फायदा होऊ शकतो, ही गोष्ट सौदा म्हटला की आपण विसरतो.

क्रमांकांची किंमत कशी लावायची, हे तू विचारलं होतंस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोच जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉयजमध्ये माइक मॅकॉय नावाच्या एका भागीदाराने एक कोष्टक बसवलं. पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण, ३२ व्याला ५९०. होत असलेल्या सौद्यांवरूनच ते काढलेलं होतं, म्हणजे संघ काय देतात हे त्यात दिसतं, काय द्यायला हवं हे नाही. तरी ते लीगभर पसरलं. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, २०१७ चे नोबेलवाले) यांनी २००५ मध्ये मांडलं की वरचे क्रमांक संघ फार महाग घेतात. त्यांचा एक आकडा मी तुला पाठ करायला लावणार आहे. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता होती ५२ टक्के. नाणं उडवण्याहून किंचित बरं. एवढे स्काउट, एवढे व्हिडिओ, एवढ्या मुलाखती, आणि हाती दोन टक्के.

मात्र त्यांचा निबंध जुन्या पगारांवर उभा आहे आणि तुझा तक्ता नेमका इथे घसरला आहे. तू २००७ चा पहिला जमार्कस रसेल आणि २०१६ चा पहिला गॉफ यांना एका रांगेत बसवलंस. मधे लीग आणि खेळाडू संघटनेतला २०११ चा करार झाला, नवख्यांच्या पगाराला मर्यादा बसली. २०१० चा पहिला, सॅम ब्रॅडफर्ड : सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ चा पहिला, कॅम न्यूटन : चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. एका वर्षात भाव असा कोसळला. रसेल फसला तेव्हा ओकलंडचा क्रमांकही गेला आणि तिजोरीही. आज पहिला क्रमांक फसला तर मुख्यतः क्रमांक आणि दोन-तीन हंगाम जातात. आणि क्वार्टरबॅक लागला, तर चार वर्षं तो बाजारभावाच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत खेळतो नि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा राहतो. गॉफचा पहिला करार चार वर्षांचा, सुमारे २ कोटी ८० लाखांचा होता. रॅम्सनी विकत घेतली ती ही चार वर्षं, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला मिळणारा पाचव्या वर्षाचा हक्क. त्याची सगळी कारकीर्द नव्हे.

मग त्या वर्षांचं काय झालं? पहिल्या हंगामात सात सामने सुरू केले, सातही हरले. पाच टचडाउन, सात इंटरसेप्शन. संघाने अख्ख्या हंगामात २२४ गुण केले, लीगमध्ये सर्वांत कमी. कोच जेफ फिशरला हंगाम संपायच्या आत घरी पाठवलं. तुझा शेरा डिसेंबर २०१६ मध्ये कुणी लिहिला असता, तर त्याच्या पाठीवर थाप पडली असती. जानेवारीत शॉन मॅकव्हे आला, वय ३०. डाव्या टॅकलवर, म्हणजे क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या जागेवर, सिनसिनाटीहून अँड्र्यू व्हिटवर्थ आणला. त्याच गॉफने २०१७ मध्ये २८ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन दिले, संघाने ४७८ गुण केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. २०१८ च्या हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तिथे मात्र पेट्रियट्सपुढे ३–१३ अशी नामुष्की.

तळापासून वर जाण्यात गॉफचा वाटा किती, मॅकव्हेचा किती, व्हिटवर्थचा किती? हे सुटं करता येईल असं सांगणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघतो. तुझ्या तक्त्यातली ‘अप्रॉक्सिमेट व्हॅल्यू’ (खेळाडूच्या मोलाचा अंदाजे आकडा) प्रामाणिक आहे, कारण ती आपल्या नावातच अंदाज असल्याचं कबूल करते. तू तिला दशांश चिन्ह लावून अचूक करायला गेलीस.

सप्टेंबर २०१९ मध्ये रॅम्सनी गॉफला १३ कोटी ४० लाखांचा नवा करार दिला, ११ कोटी हमीचे. जुन्या कराराची दोन वर्षं बाकी असताना. पुढच्या दीड वर्षात मॅकव्हेचं मन उडालं, आणि २०२१ च्या सुरुवातीला गॉफ, पहिल्या फेरीचे दोन क्रमांक आणि तिसऱ्या फेरीचा एक देऊन त्यांनी आमचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड नेला. तू या सगळ्याचं बिल २०१६ च्या निवडीवर फाडलंस. खरेदी खात्यात पहिली ऑर्डर आणि नूतनीकरण यांच्या फायली वेगळ्या असतात, सह्याही वेगळ्या असतात. २०१६ चा सौदा एक निर्णय, २०१९ चा करार दुसरा, २०२१ ची अदलाबदल तिसरा. माझं मत विचारशील तर पहिला वसूल झाला, दुसरा घाईचा होता, आणि दुसऱ्याची भरपाई तिसऱ्यात महाग पडूनही फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या हाती करंडक होता. तुला वेगळं वाटलं तर वेगळं लिही, पण तीन ओळींत लिही.

दुसरं, तुलना कोणाशी करायची. तू शेवटी लिहिलंस की त्याच ड्राफ्टमध्ये १३५ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट पडून होता. होता ना. पण त्याला घेणाऱ्या काउबॉयजनी त्याच्याआधी चार वेळा दुसऱ्यांनाच घेतलं होतं. त्यांना त्याची किंमत कळली असती तर ते चौथ्या फेरीपर्यंत थांबले असते का? त्या दिवशी रॅम्ससमोर खरा पर्याय एकच होता, कार्सन वेन्ट्झ. तो दुसऱ्या क्रमांकावर फिलाडेल्फियाला गेला, २०१७ मध्ये गुडघा जाईपर्यंत लीगभर गाजला, सुपर बोल मात्र बदली क्वार्टरबॅक निक फोल्सने जिंकून दिला, आणि २०२१ मध्ये वेन्ट्झलाही संघाने देऊन टाकलं. निवड तोलायची तर या तराजूत तोल.

संघ जिंकला की हरला, एवढ्यावरही जाऊ नकोस. २००७ चा तिसरा क्रमांक, जो थॉमस. निवडीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या झगमगाटात न जाता वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत बसला होता. क्लीव्हलंड ब्राउन्ससाठी डाव्या टॅकलवर सलग १०,३६३ डाव खेळला, एकही न चुकवता. एकदाही प्लेऑफ पाहिला नाही. त्याच्या शेवटच्या वर्षी संघ ०–१६ हरला. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. संघ बुडाला म्हणून ही निवड वाया म्हणशील? क्लीव्हलंडने त्या काळात एवढी एक गोष्ट तरी नीट केली, असंच म्हणावं लागेल. आणि चेंडूला हात न लावणाऱ्या या माणसाची तुझ्या तक्त्यात एकही ओळ भरणार नाही, हेही बघून ठेव.

उलट टोकाला रनिंग बॅक सॅकॉन बार्कली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर घेतला. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवखा. खेळाडू म्हणून खोट काढायला जागा नाही. पण जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा होता, पुढची लाइन (धावणाऱ्याला वाट करून देणारी फळी) कमकुवत होती, आणि रनिंग बॅकची उमेद लवकर ओसरते हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. इथे मागाहून सुचलेलं शहाणपण लागत नाही. क्वार्टरबॅक जोश ॲलन सातव्या क्रमांकावर गेला हे आठवायचीही गरज नाही. सहा हंगामांत जायंट्स एकदाच प्लेऑफला गेले. मग तो फिलाडेल्फियाला गेला, चांगल्या लाइनमागे २०२४ मध्ये २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. माझ्या हिशोबी खेळाडू अस्सल, निवड चुकीची. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

म्हणूनच ‘गॉफ वाया’ हे वाक्य मला खटकलं. किंमत रॅम्सनी ठरवली, पाळी त्यांनी विकत घेतली, नवा करारही त्यांनी पुढे केला. त्या मुलाने फक्त हो म्हटलं. वाया म्हणायचंच असेल तर रॅम्सचा सौदा वाया म्हण, वाक्याचा कर्ता बदल. इथे डेट्रॉइटला तो आला तेव्हा तो सौद्यातला भार आहे, खरी वस्तू म्हणजे ते क्रमांक, असंच सगळे बोलत होते. त्या क्रमांकांतून पुढे जेमिसन विल्यम्स, जाहमिर गिब्ज, सॅम लापोर्टा उभे राहिले, हे खरं. पण जानेवारी २०२४ मध्ये फोर्ड फील्डवर स्टॅफर्डच्याच रॅम्सना २४–२३ हरवून लायन्सनी ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला, तेव्हा स्टेडियम गॉफच्या नावाने दणाणत होतं. त्या मे महिन्यात त्याला २१ कोटी २० लाखांचा करार मिळाला. यातलं काहीही रॅम्सच्या २०१६ च्या हिशोबात जमा करू नकोस. ते आमचं आहे. (त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोत मध्यंतराला २४–७ पुढे असून आम्ही काय केलं, तो विषय मात्र काढायचा नाही.)

सॅन फ्रान्सिस्कोवरून आठवलं. पुढचा अभ्यास क्वार्टरबॅक ट्रे लान्सचा कर. २०२१ मध्ये तिथल्या फॉर्टीनाइनर्सनी त्याच्यासाठी १२ व्या क्रमांकावरून तिसऱ्यावर उडी मारली. १२ वा क्रमांक, पुढच्या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि २०२२ ची तिसरी फेरी मायामीला दिली. मुलाला चार सामने सुरू करायला मिळाले, दुसऱ्या वर्षी घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका क्रमांकावर तो डॅलसला गेला. दरम्यान २०२२ चा सर्वांत शेवटचा, २६२ वा क्रमांक, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, मैदानात उतरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संघ सुपर बोल खेळत होता. किंमत आधी लिही. मग त्या दिवशी त्यांच्यासमोर कोण होतं ते लिही. मॅक जोन्स आणि जस्टिन फील्ड्स हे दोघंही क्वार्टरबॅक होते. पर्डीला यात कुठल्या रकान्यात घालायचं, की घालायचंच नाही, हे मला सांगू नकोस, तूच ठरव आणि कारण लिहून पाठव. यार्डांचे आकडे शेवटी भर.

तुझा,
काका