कामापुरतं इंग्रजी : बोट चुकली की सवलत?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात मी खरेदी बघतो. सुटे भाग चीनहून येतात. लवकर ऑर्डरची सवलत हुकली म्हणून मेलमध्ये ‘वुई मिस्ड द बोट’ लिहिलं, तर पुरवठादाराने विचारलं, ‘कुठलं जहाज?’ इंग्रजी वाक्प्रचार वापरूच नयेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सरसकट टाळू नका. घोटाळा विचित्र वाक्प्रचारांनी होत नाही, साध्या दिसणाऱ्यांनी होतो. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ वाचून आभाळातून कुत्री-मांजरं पडली असं कोणी समजत नाही. शब्दशः अर्थ बसतच नाही, म्हणून वाचणारा थांबून शोधतो. मालाच्या पत्रव्यवहारात मात्र बोट खरोखरच चुकू शकते. ‘दॅट शिप हॅज सेल्ड’ त्याहून घातक. तुम्हाला म्हणायचं असतं ‘आता वेळ गेली’, आणि समोरचा माल निघाला असं धरून चालतो.

सर्वांत जपायचं ते ‘कट कॉर्नर्स’ला. अर्थ आहे, पैसे किंवा वेळ वाचवायला काम कच्चं सोडणं. पण ड्रॉइंगसोबत ‘डोन्ट कट कॉर्नर्स’ गेलं, तर कोपऱ्यांना चॅम्फर (म्हणजे तिरका काप) नको, असाही अर्थ निघेल आणि अख्खा लॉट धारदार कडांचा येईल. त्याऐवजी ‘डू नॉट स्किप एनी प्रोसेस’ लिहा आणि प्रक्रियांची नावं द्या. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा; हा वाक्प्रचार बेसबॉलच्या मैदानावरून आलेला. ‘अप्रॉक्झिमेट प्राइस, प्लस ऑर मायनस 10 परसेंट’ म्हटलं की प्रश्नच उरत नाही.

‘इन द सेम बोट’ मात्र बिनधास्त वापरा. एकाच नावेतून नदी पार करताना एकमेकांना सांभाळणं, अशी चार अक्षरी म्हण चिनीत आहे; मूळ कल्पना प्राचीन चिनी युद्धविचारक सुन्-त्सूच्या युद्धशास्त्रातली. एका दगडात दोन पक्षी तिकडेही मारतात, बाण वापरला तर दोन शिकारी पक्षी. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे आपला डाव्या हातचा मळ. त्यांच्याकडे त्याला ‘तोंडीलावण्याची एक बशी’ म्हणतात.

मेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्प्रचार शब्दशः वाचा. तो अर्थ तुमच्या धंद्यात शक्य असेल तर वाक्प्रचार काढा आणि तिथे तारीख, नग किंवा रक्कम घाला.

आपले देशी प्रयोगही तपासा. ‘प्रीपोन’ बाहेर फारसा चालत नाही. ‘डू द नीडफुल’मध्ये नेमकं काय करायचं तेच नसतं. ‘बाय एंड ऑफ डे’ लिहिताना कोणाचा दिवस ते सांगा. कुपवाडला संध्याकाळचे 6 वाजतात तेव्हा चीनमध्ये रात्रीचे साडेआठ झालेले असतात.

प्रश्न : चिनी ग्राहक ‘लाँग टाइम नो सी’ लिहितात. हे चुकीचं इंग्रजी ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. व्याकरणात बसत नसलं तरी इंग्रजीत रुळलेलं आहे, आणि चिनी ‘हाव च्यौ पू च्येन’शी शब्दाला शब्द जुळतं. ओळखीच्या माणसाला खुशाल लिहा. दरपत्रकाच्या मेलमध्ये नको.