वाचकांचं विचारणं : बनगरवाडीनंतर काय, आणि आत्याबाईंकडं अडकलेली कादंबरी

ताई, सुट्टीत बनगरवाडी वाचली, एका बैठकीत संपली. बाबा म्हणतात पिक्चर बघितलाय ना मग वाचायचं काय त्यात. आता असंच अजून काय वाचू? गावाकडचंच पाहिजे पण रडारड नको. (कॉलेजची विद्यार्थिनी, तासगाव)

बाबांना सांग की पिक्चर चांगलाच आहे, अमोल पालेकरांनी १९९५ ला केलेला, पण पुस्तकात मास्तर स्वतः बोलतो आणि पिक्चरमध्ये आपण मास्तरकडं बघत बसतो, एवढा फरक पुष्कळ झाला. तू एका बैठकीत संपवलीस म्हणजे तुला आवडली हे कळलं, पण थोडे दिवस जाऊ देत आणि परत एकदा वाच, कारण पहिल्यांदा वाचताना कारभारी, शाळा, तालीम हेच लक्षात राहतं आणि शेवटी दुष्काळात वाडी कशी रिकामी होत जाते ते आपण भराभर पानं उलटून मागं टाकतो. खरं तर तिथंच व्यंकटेश माडगूळकर काय ताकदीचे आहेत ते कळतं, एकही मोठा शब्द न वापरता गाव उठवलंय त्यांनी.

आता पुढचं. "असंच अजून" म्हणशील तर माणदेशी माणसं आहे, ते बनगरवाडीच्या आधीचं, १९४९ चं, बनगरवाडी १९५५ ची. छोटी छोटी व्यक्तिचित्रं आहेत, रोज झोपताना एक वाचली तरी चालतंय. पण मला विचारशील तर मी तुला "असंच" देणार नाही, त्याच मातीतलं पण दुसऱ्या बाजूनं लिहिलेलं देईन. शंकरराव खरातांचं आत्मचरित्र, तराळ-अंतराळ. खरात आटपाडीचे, १९२१ चा जन्म, माडगूळकर १९२७ चे, त्याच आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. म्हणजे तोच कोरडा माणदेश, तेच दुष्काळ, वयात फार तर सहा वर्षांचा फरक. पण एकजण गावात मास्तर म्हणून शिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यानं बघतोय आणि दुसरा महारवाड्यातून. खरातांचे वडील तराळकी करायचे, म्हणजे गावाची आणि सरकारची पडेल ती कामं, आणि त्यात विहिरीतलं प्रेत वर काढायला वडिलांनाच खाली उतरवतात तो प्रसंग आहे, तो वाचून झाला की पुस्तक बाजूला ठेवून जरा अंगणात जाऊन यावं लागतं. रडारड नको म्हणालीस ना, रडारड नाहीच आहे त्यात, सरळ सांगत जातात, म्हणूनच जास्त लागतं. हाच मुलगा पुढं वकील होतो, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, आणि १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पण.

बनगरवाडी आणि तराळ-अंतराळ पाठोपाठ वाच, मध्ये तिसरं घेऊ नकोस. आमच्याकडं बनगरवाडी सगळ्यांनी वाचलेली असते आणि खरातांचं नाव काढलं की "हां, ऐकलंय" म्हणतात, आटपाडीत राहणारे सुद्धा. मला ह्याचा जाम राग येतो म्हणून एवढं लांब लिहिलं.

आम्ही साताऱ्याचे. ऑफिसमध्ये सांगलीवाले सारखे चिडवतात की खांडेकर आमचे, गदिमा आमचे, अण्णाभाऊ आमचे, नाटक आमच्याकडं सुरू झालं, तुमच्याकडं कंदी पेढे सोडून काय आहे. काहीतरी तोडीस तोड उत्तर द्या. (सातारा)

मी सांगलीची आहे, तरी मला विचारताय, कमाल आहे तुमची. बरं देते.

पहिली गोष्ट, सांगली जिल्हा हाच मुळात तुमच्यातनं निघालाय हे त्यांना सांगा. १९४९ ला दक्षिण सातारा नावाचा जिल्हा केला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. अण्णाभाऊ वाटेगावात जन्मले १९२० ला, तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे, १९१३ चे, ते पण तेव्हाच्या हिशोबानं सातारकरच, आणि त्यांचं आत्मचरित्र कृष्णाकाठ वाचलं तर कराड किती आहे त्यात ते दिसेलच. आटपाडी तर औंध संस्थानात होती, म्हणजे गदिमा आणि व्यंकटेश दोघं भाऊ ना सांगलीचे ना साताऱ्याचे. सांगली शहर पटवर्धनांचं संस्थान, तिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीता स्वयंवर केलं ते मात्र त्यांचं पक्कं, त्यावर वाद घालू नका, हराल.

आणि तुमच्याकडं काय आहे म्हणाल तर वाई आहे की! मराठी विश्वकोश वाईत बसून झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली सुरू झालेलं वीस खंडांचं काम, आता तर मोबाईलवर फुकट वाचता येतो. मर्ढेकर जन्मले खानदेशात फैजपूरला पण मूळ गाव मर्ढे, ते तुमच्या जिल्ह्यात, आडनावच तिथलं. त्यांच्या काही कविता ह्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता, त्यातनं ते निर्दोष सुटले. आज ती उंदरांची कविता वाचून कुणाला खटला आठवत नाही, बहुतेकांना परीक्षेतले मार्क आठवतात. लक्ष्मण मानेंचं उपरा, १९८० चं, फलटण भागातल्या कैकाडी कुटुंबाचं, गाढवावर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडण्याचं, त्याला १९८१ ला साहित्य अकादमी मिळालं. आणि भिलार, पाचगणीच्या जवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात कपाटं, एका घरात कविता, एका घरात चरित्रं, असं वाटून ठेवलेलं. जायचं, बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. भर सीझनला शनिवार रविवार मात्र जाऊ नका, पाचगणीच्या ट्रॅफिकमध्येच अर्धं पुस्तक वाचून व्हायचं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर त्या सांगलीवाल्यांना शांतपणे विचारा, की खांडेकर तुमचे म्हणता तर ययाती सोडून त्यांचं काय वाचलंय. उत्तर आलं तर मला कळवा.

ययाती अर्ध्यात सोडली, मला झेपेना. ज्ञानपीठ मिळालेलं पुस्तक आवडत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय का? (मिरज)

काही चुकत नाही. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं, १९७४ चं, हे सगळं खरं पण म्हणून वाचायलाच पाहिजे असा कायदा नाही. त्यांच्या भाषेत उपमा फार, दर दोन ओळीला एक फूल उमलतं नाहीतर एक ज्योत थरथरते, काहींना ते गोड लागतं काहींना नको होतं, मला स्वतःला पंधराव्या पानापर्यंत नको होतं आणि मग सवय होते. एक करून बघा, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा अशी तिघं आलटून पालटून बोलतात त्यात, तर फक्त शर्मिष्ठेचे भाग वाचा. नाही जमलं तर द्या सोडून, त्यांच्या रूपककथा आहेत दोन दोन पानांच्या, त्या वाचा.

तालमीतल्या पोरांना अण्णाभाऊ वाचायला द्यायचेत. जयंतीला मिरवणूक जोरात काढतात पण पुस्तक कुणी हातात घेत नाही. फकिरा द्यावी का? (शिराळा)

फकिरा द्याच पण पहिली नको. पहिली स्मशानातील सोनं ही कथा द्या, दहाबारा पानांत संपते. वारणाकाठचा भीमा नावाचा पैलवानी गडी, मुंबईजवळच्या खाणीतलं काम सुटतं आणि तो मग काय करायला लागतो, ते मी सांगत नाही. तालमीतलं पोरगं हे अर्ध्यात टाकणार नाही, मी लिहून देते. एकानं मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, असं केलं तर अजून चांगलं, कारण हा माणूस शाहीर होता, त्याची वाक्यं कानानं ऐकायची असतात.

मग फकिरा. १९५९ ची, १९६१ ला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. आणि गंमत बघा, तिला प्रस्तावना खांडेकरांची आहे. वर मिरजेच्या ताईंना जे खांडेकर झेपेनात तेच. एक फुलं-ज्योतीवाला आणि एक तलवार-घोड्यावाला, लिहिण्यात कशाचा कशाला मेळ नाही, पण खांडेकरांनी अण्णाभाऊंच्यातलं बळ ओळखलं. पोरांना सुरुवातीचा जोगणीचा भाग वाचून दाखवा, दोन गावांतली जत्रेच्या मानावरनं झालेली ती मारामारी, नंतर पुस्तक तेच ओढून घेतील.

अण्णाभाऊ दीडच दिवस शाळेत गेले ही गोष्ट मात्र जरा कमी सांगा त्यांना. नाहीतर पोरं म्हणतात बघा, शाळा न शिकता लेखक होता येतं. मुंबईत गिरणीत, चाळीत, कम्युनिस्ट पार्टीच्या कामात, मोर्च्यात हा माणूस शिकत होता, आणि रशियाला जाऊन आल्यावर माझा रशियाचा प्रवास लिहिलं, ते पण द्या कुणाला फिरायची आवड असेल तर.

२०१९ च्या पुरात आमची दोन कपाटं पुस्तकं भिजली. तेव्हा उन्हात वाळवली. आता पावसाळा आला की वास सुटतो आणि नव्या पुस्तकांवर पण पांढरं यायला लागलंय. टाकवत नाही हो. काय करू? (सांगली, नदीकाठ)

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या ऑगस्टमध्ये, किती घरातली पुस्तकं गेली त्याला हिशोब नाही, आणि २०२१ ला परत पाणी आलंच. तुमचं दुःख मला कळतंय पण आधी कामाचं बोलू.

ते पांढरं म्हणजे बुरशी, आणि ती शेजारच्या पुस्तकावर जाते. म्हणून आजच्या आज जुनी पुस्तकं नव्यांपासून वेगळी करा. कोरड्या हवेच्या दिवशी, तोंडाला मास्क लावून, गच्चीवर मऊ ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसू नका, त्यानं ती आत दाबली जाते. कडक उन्हात पण ठेवू नका, कागद पिवळा पडून मोडायला लागतो, सावलीत पंख्याखाली उभी करून पानं जरा पसरून ठेवा. वास घालवायला मोठा झाकणाचा डबा घ्या, तळाला वाटीत खायचा सोडा, वर जाळी, जाळीवर पुस्तक, सोडा पुस्तकाला लागला नाही पाहिजे, आणि आठवडाभर बंद. कपाट भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढं ओढा, भिंतीच्या ओलीवरच सगळं जगतंय ते.

आणि परत कधी भिजलीच, तर चिकटलेली पानं ओढून उघडायची नाहीत. बुरशी दोन दिवसात धरते, तेवढ्यात सगळी वाळवणं होत नाही, म्हणून जी महत्त्वाची आहेत ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका, तिथं बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक काढून वाळवा. घरातले हसतील. हसू देत.

टाकायचं काय ते पण सांगते. जी कादंबरी आज दुकानात मिळते ती टाका, नवी आणा, तिच्यासाठी बाकीचं कपाट धोक्यात घालू नका. जी आता छापली जात नाही, किंवा आत आजोबांची सही आहे, ती ठेवा पण वेगळ्या डब्यात.

मिस्टरांच्या आत्यांनी दिवाळीत माझी एक कादंबरी वाचायला नेली. मागितली की म्हणतात "अगं चाललंय वाचन". मोठ्या आहेत, बोलता येत नाही. (कराड)

बोलू नका. त्यांच्याकडं जा, चहा घ्या, आणि विचारा, "आत्या, कुठवर आलात, त्या नायिकेचं पुढं काय झालं, मला पण आठवेना, जरा द्या बघू, बघून सांगते." पुस्तक हातात आलं की पर्समध्ये. वाचलं असेल तर आत्या सांगतील पुढचं, मग बसा गप्पा मारत, पुस्तक राहिलं तरी चालेल. नसेल वाचलं तर हसतील आणि देतील. दोन्हीत चहा आहेच.